ठेंगणीचं दुखणं

कारखान्यात त्यांना कानसेन म्हणायचे. नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ते असं चिकटलं की निरोपाच्या समारंभात भाषण करणाऱ्या साहेबांनाही त्यांचं खरं नाव चिठ्ठीत बघून वाचावं लागलं.

चौतीस वर्षं लेथवर काढली, पण नाव झालं ते हाताचं नव्हे, कानाचं. कुठलं मशीन कुरकुरायला लागलं की फोरमन आधी कानसेनांना हाक मारायचा. ते आपला लांब पेचकस घेऊन यायचे, टोक मशीनला लावायचे, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. आजूबाजूची माणसंही मग आपोआप गप्प व्हायची. देवासमोर उभ्या असलेल्या माणसाशी कुणी बोलत नाही ना, तसं. जरा वेळाने डोळे उघडून म्हणायचे, "मधलं बेअरिंग. आठवडाभर काढेल." आणि ते मोजून आठवडाभर काढायचं.

आवाजांची त्यांची एक भाषाच होती. टकटक म्हणजे व्हॉल्व्हचा टॅपेट ढिला झालाय. वरवरचं दुखणं, अर्ध्या तासाचं काम. ठकठक म्हणजे कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलंय. हे पोटातलं दुखणं, इंजिन उघडल्याशिवाय सुटका नाही. फडफड पट्ट्याची, घरघर गिअरची, आणि बारीक सुसू असेल तर कुठूनतरी हवा निसटतेय. नव्याने लागलेल्यांना ते बजावून सांगायचे, "शब्द नीट वापरा रे बाबांनो. शब्द चुकला की औषध चुकतं."

कामावरून मोकळे झाले आणि त्यांना ठेंगणी भेटली.

ठेंगणी म्हणजे बागेतला छोटा ट्रॅक्टर. खऱ्या ट्रॅक्टरशेजारी उभी केली तर त्याचं पिल्लू वाटेल एवढीच. एका सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पोटाखाली गवत कापायचं ताट, त्यात तीन पाती. बंद पडलेल्या एका आरोग्यधामाच्या शेडमध्ये ती पोत्यांखाली झोपली होती. वय कानसेनांच्या लग्नापेक्षा जास्त. लाल रंग उडून विटकरी झालेला, आसनातून गवत उगवलेलं, आणि बनवणारी कंपनी तर कधीच देवाघरी गेलेली. तिथल्या रखवालदाराने "घेऊन जा, तेवढीच जागा मोकळी होईल" असं म्हटलं आणि कानसेनांनी ती घरी आणली.

दोन वर्षं त्यांनी तिच्यावर काढली. मिळत नव्हत्या त्या पिना आणि बुश मित्राच्या लेथवर स्वतः कातले. आसन शिवलं. आणि ती चालायला लागली त्यानंतरही तिचं करणं संपलं नाही. जुन्या यंत्राचं आणि म्हाताऱ्या माणसाचं करणं कधी संपतं का? सात जागी ग्रीस भरायचं. गवत कापून झालं की ताट उलटं करून खालचा चिकटलेला हिरवा थर खरवडायचा, नाहीतर पत्रा गंजतो. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधला काळा थर कोऱ्या कागदाने पुसायचा. काम नसेल त्या महिन्यांत टाकी रिकामी ठेवायची. दर शनिवारी सकाळी ते उतारावरच्या आपल्या गल्लीतल्या चौदाही घरांचं गवत कापायचे, फुकट, हौसेने. फट्फट् ऐकू आली की बायका वाळत घातलेले कपडे बाजूला सरकवायच्या.

घरात आणखी एक कान होता, पण त्याची कुणी गणती केली नव्हती.

कानसेनांच्या पत्नीने तीस वर्षं टायपिंगचा वर्ग चालवला होता. विद्यार्थिनी त्यांना बाई म्हणायच्या, गल्ली बाई म्हणायची, आणि चिडवायचं असलं की कानसेनही बाईच म्हणायचे. खोलीत चोवीस यंत्रं एकदम खडखडत असताना हजेरीतून मान वर न काढता बाई म्हणायच्या, "मागच्या रांगेतली तिसरी, करंगळी वापर." त्या मुलीने खरोखरच करंगळी चुकवलेली असायची. कानसेनांच्या लेखी हा कान नव्हता. ही शिस्त होती.

ठेंगणीला बाई 'तुमची लाडकी' म्हणत, फार चिडल्या तर 'माझी सवत'. पण रागाने नाही. शनिवारी दारात उभ्या राहून ती उतार चढून दिसेनाशी होईपर्यंत बघत असत.

आता मुद्द्यावर येतो. कानसेनांचा कान जात चालला होता.

आधी पाखरं गेली. त्यांना वाटलं, हल्ली पाखरंच कमी झालीत. मग कुकरची शिट्टी गेली, मग दाराची घंटा. आणि मग बाईंचं बोलणं मधूनमधून तुटायला लागलं, जुन्या चादरीला विरळ जागा पडाव्यात तसं. पुरुषांचे जाड आवाज कळायचे. पण जगात सगळ्यात जास्त जिचं ऐकायचं तिचाच आवाज नेमका बारीक.

बाईंची चाळीस वर्षांची एकच तक्रार, "तुम्ही माझं ऐकतच नाही." आता ती खरी झाली आणि गंमत अशी की त्यामुळेच ती लपली. त्यांनी दोनदा सांगूनही हे उठले नाहीत, तरी त्यात नवीन काय होतं?

एकदा ते कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. घरी सांगितलं, प्लग आणायला जातो. डॉक्टर बोलत होते ते समोरच्या पडद्याकडे बघून, आणि कानसेन मान डोलावत होते ते डॉक्टरांच्या पाठीकडे बघून. "जाड आवाज शाबूत आहेत, बारीक गेलेत, कानात यंत्र बसवून घ्या," असं डॉक्टर म्हणाले. त्यातलं शेवटचं तेवढं कानसेनांना कळलं. कानात यंत्र. ज्याने जन्मभर यंत्राला कान लावला त्याच्या कानाला आता यंत्र. कानाच्या तपासणीच्या आलेखाचा कागद त्यांनी घडी करून हत्यारांच्या पेटीत तळाशी सारला आणि वर पाने ठेवून दिले.

"काय म्हणालीस?" हे दोन शब्द ते मोजून वापरायला लागले. दिवसाला तीन वेळा, जास्त नाही. बाकीचं सगळं "हं" आणि "बरं" यांवर निभवायचं.

त्या मंगळवारी तिन्ही वेळा नाश्त्याच्या आतच खर्च झाल्या होत्या.

ते अंगणातला गवताचा तुकडा कापून आत आले. बाई मोरीच्या नळाखाली भांडी विसळत होत्या, पाठमोऱ्या.

"अहो, तुमच्या लाडकीचं काहीतरी बिनसलंय. मघापासून टकटक करतेय."

बाई म्हणाल्या टकटक. वरून नळाचं पाणी फसफसत होतं. ती फसफस त्या 'ट'ला चिकटली आणि कानसेनांपर्यंत जे पोचलं ते ठकठक होतं. एका फुंकरीचा फरक. पण नुसतं बाजूचं झाकण उघडायचं की पोट फाडायचं, एवढा तो फरक होता.

कानसेनांनी खरं तर विचारायला हवं होतं. ते म्हणाले, "हं, माझ्याही लक्षात आलंय."

बाहेर येऊन त्यांनी ठेंगणी पुन्हा सुरू केली. लांब पेचकस काढला, टोक इंजिनाच्या पोटाला, मूठ कानामागे, डोळे मिटले. आतून धप् धप् येत होतं, नेहमीसारखं, गोल, भरीव. ठकठक कुठेच नव्हती. त्यांनी जागा बदलली, कान बदलला. ठकठक नाही.

आता तुम्ही आम्ही शहाणे लगेच म्हणू, की नाही ऐकू आली म्हणजे नसेलच. आणि ती नव्हतीच. असती तर त्यांना ऐकू आली असती, कारण जाड आवाजांना त्यांचा कान अजून जागा होता. पण भीतीला एवढा विचार सुचत नाही. कानसेनांच्या मनाने सरळ निकाल दिला. बाईला स्वयंपाकघरातून ऐकू येतं आणि मला पेचकस लावून येत नाही. संपलं. कान गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी इंजिन उघडायला घेतलं. तेल काढलं, पट्टे उतरवले, तारांना कागदाच्या चिठ्ठ्या बांधल्या, चार बोल्ट सोडून इंजिन उचलून बाकावर घेतलं. टॅपेटचं झाकण बाजूलाच होतं. त्याला त्यांनी हात लावला नाही. टॅपेट चारच महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतः लावले होते, आणि आपल्या हातावर शंका घ्यायची त्यांना सवय नव्हती.

बाई चहा घेऊन अंगणातल्या शेडमध्ये आल्या आणि दारातच थबकल्या. बाकावर आतडी काढून ठेवल्यासारखा सगळा पसारा.

"एवढ्याशा टकटकीसाठी अख्खं पोट फाडलंत?"

'ठकठकीला एवढीशी म्हणते,' कानसेन मनात म्हणाले. 'यंत्राचं हिला काय कळणार.' उघड म्हणाले, "बरं, ठेव तिथे."

"काय ठेवू तिथे? मी विचारलं काय आणि..." बाईंनी पुढचं गिळलं, कप ठेवला आणि त्या गेल्या.

तिसऱ्या दिवशी रॉडच्या बेअरिंगवरची टोपी सुटली. ते बेअरिंग ज्यावर फिरतं तो खालचा दांडा त्यांनी फडक्याने पुसला आणि उजेडात धरला. आरशासारखा. मायक्रोमीटर लावला, चार जागी मोजलं, चष्मा पुसून पुन्हा मोजलं. पन्नास वर्षांत केसाच्या दहाव्या भागाइतकाही झिजला नव्हता. बनवणाऱ्याला हात जोडावेत असं काम. दुसरा कुणी असता तर नाचला असता. कानसेन मात्र उलट्या खोक्यावर बसून राहिले. दुखणं आहे, बाईने ऐकलंय. मला ऐकू येत नाही, आणि उघडलं तर दिसतही नाही.

त्यांनी सगळं पुन्हा बसवलं. नवं गॅस्केट कापलं, टोपीचे बोल्ट मोजून आवळले, ताजं तेल घातलं. ठेंगणी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. खिडकीत बाई होत्या.

"आता कसा वाटतो आवाज?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तस्साच आहे की. टकटक, टकटक."

खिडकी आणि इंजिन यांच्यामध्ये त्या शब्दाचं पुन्हा तेच झालं.

कानसेनांनी ठेंगणी बंद केली. त्या दिवशी जेवताना बाई दोनदा काहीतरी म्हणाल्या; एकदा ते "हं" म्हणाले आणि एकदा "बरं", आणि दोन्ही उत्तरं चुकली हे बाईंच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं. आजाऱ्याला कसला त्रास होतोय ते ऐकू न येणाऱ्या वैद्याने त्याला आपल्या घरी डांबून ठेवू नये. एवढं त्यांनी ठरवलं, आणि हात धुऊन उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उताराच्या पायथ्याशी असलेल्या नर्सरीत गेले. नर्सरीवाला चाळिशीचा, धिप्पाड, ढोलासारख्या आवाजाचा माणूस. त्याचं बोलणं कानसेनांना शब्दन् शब्द कळायचं, म्हणून त्याच्याशी गप्पा मारायला हल्ली त्यांना फार आवडायचं. ठेंगणीवर त्याचा जुना डोळा होता. गेल्या वर्षी त्याने दोनदा विचारलंही होतं.

"घेऊन जा तिला," कानसेन म्हणाले. "उद्या रविवारी सकाळी ये."

नर्सरीवाल्याच्या हातातली कुंडी हातातच राहिली. "काका, तब्येत बरी आहे ना तुमची?"

"मला काय धाड भरलीय? पोटात ठकठक आहे तिच्या. मी उघडून बघितलं, मला सापडली नाही. तू तरुण आहेस, चांगला कारागीर बघ."

"तुम्हाला सापडली नाही ती मला काय सापडणार? आणि काकू काय म्हणाल्या?"

"काकूंना सवतच होती ती. सुटली म्हणतील."

बाईंना त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाई बोलल्या असत्या, आणि बोलल्या असत्या ते ऐकू आलं नसतं.

रविवारी सकाळी नर्सरीवाल्याचा टेम्पो दारात लागला. मागे चढवायला दोन फळ्या, बांधायला दोर. कानसेनांनी आदल्या दिवशी ठेंगणी पुसून लख्ख केली होती. लेकीला सासरी पाठवताना करतात तसं ते तिच्याभोवती फिरून उगाच एकेक बोल्ट तपासत होते. टेम्पोपर्यंत ती आपल्या पायांनी जावी म्हणून त्यांनी तिला सुरू केली. तेवढ्यात पदराला हात पुसत बाई बाहेर आल्या.

"हे काय चाललंय?"

नर्सरीवाला फळी लावता लावता वाकलेलाच राहिला. कानसेनांनी नजर चुकवली. "देतोय त्याला. तो नीट सांभाळेल."

"मला न विचारता?"

"तुला काय विचारायचं? सवत म्हणतेस ना तिला?"

"सवत असली तरी घरातली आहे." बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. "का देताय?"

"पोटात ठकठक आहे तिच्या. मला काढता येत नाही. तूच तर सांगितलंस."

"मी? मी कधी ठकठक म्हटलं? मी टकटक म्हटलं."

"तेच म्हणतोय मी. ठकठक."

"ठकठक नाही हो, टकटक."

"अगं हो, ठकठकच."

नर्सरीवाला एकदा इकडे बघत होता, एकदा तिकडे. तो काहीतरी बोलणार होता, पण बाईंनी हात वर केला आणि तो थांबला. बाई नवऱ्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी किल्ली फिरवून ठेंगणी बंद केली. अंगणात शांत झालं.

त्यांनी मूठ वळली आणि शेडच्या लाकडी दारावर दोनदा मारली.

"हे ऐकू आलं?"

"आलं की."

मग त्यांनी तर्जनीचं नख ठेंगणीच्या पत्र्यावर दोनदा आपटलं. "आणि हे?"

कानसेनांना नख दिसलं. पत्र्यावर पडलेलं दिसलं, उचललेलं दिसलं, पुन्हा पडलेलं दिसलं. काचेपलीकडचा पाऊस दिसावा तसं. ऐकू काहीच आलं नाही.

"मी हे म्हटलं होतं," बाई म्हणाल्या, सावकाश, समोरून, एकेक शब्द सुटा करून. "नखासारखं. मुठीसारखं नाही."

कानसेन शेडच्या दारातल्या उलट्या खोक्यावर बसले. आरशासारखा दांडा त्यांच्या डोळ्यांसमोर आला. इतके दिवस ते नसलेलं दुखणं हुडकत होते.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"झाली असतील दोन वर्षं."

"अडीच."

कानसेनांनी मान वर केली.

"कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या आणि तुम्ही शेजारी पेपर वाचत बसला होतात, तेव्हापासून. डाळ लागली होती करपून. तुम्ही म्हणालात, वास कसला येतोय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले." बाईंनी कोरडे हात पुन्हा पदराला पुसले. "कानाच्या नावावर जन्म काढला तुम्ही. माझ्या तोंडाने कसं सांगू तुम्हाला? मी आपली मोठ्याने बोलायला लागले. गल्लीला वाटलं, म्हातारपणी बाईंचा स्वभाव बिघडला."

नर्सरीवाला दोराची गाठ सोडून पुन्हा बांधत होता. गाठीत पाहण्यासारखं काही नव्हतं, पण कुठेतरी बघायला हवं होतं.

"आता कळलं तरी काय उपयोग?" कानसेन म्हणाले. "टॅपेटच असेल तर लावीन मी. पण लागला की नाही ते मला कसं कळणार? आज टॅपेट आहे, उद्या आणखी काही होईल. हे यंत्र कानावर चालतं. बहिऱ्याच्या हाती राहिलं तर मरेल ते. नेऊ दे त्याला."

"मला येतं ना ऐकू."

"तुला इंजिनातलं काय कळतं?"

"काही नाही कळत. त्या चोवीस यंत्रांच्या आतलं तरी कुठे कळत होतं? पण कुणाचं बोट चुकलं ते कळत होतं." बाई नर्सरीवाल्याकडे वळल्या. "तू रे, तुला काय ऐकू येतंय?"

"टकटकच आहे काकू," तो ओशाळून म्हणाला. "काका ठकठक म्हणाले म्हणून मला वाटलं, आपल्याला काय कळतंय त्यांच्यापुढे."

"सुरू करा तिला," बाई नवऱ्याला म्हणाल्या. "आणि जितकी हळू चालेल तितकी हळू करा."

कानसेनांनी ठेंगणी सुरू केली आणि वेग कमी कमी करत आणला, आता बंद पडते की काय इतका. धुराचा एकेक फुत्कार सुटा दिसायला लागला. बाई त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. डोळे मिटले. उजव्या हाताचा तळवा त्यांनी नवऱ्याच्या पाठीवर ठेवला आणि ऐकू येईल तसा ठेका धरला. इंजिनाच्या फुत्काराला तळवा. आणि त्या बारीक टकटकीला नख.

तळवा, नख. तळवा, नख.

कानसेन ताठ झाले. पाठीच्या कातडीला त्यांनी आपलं सगळं लक्ष दिलं. तळवा, आणि लगेच मागून, जरासं अंतर ठेवून, नख. तळव्याबरोबर नाही. तळव्याच्या आधी नाही. मागून.

"मागून येते?" त्यांनी विचारलं.

"मागून. दर वेळी तेवढ्याच अंतराने."

"म्हणजे धूर सोडणारा व्हॉल्व्ह नव्हे." ते आता तिच्याशी बोलत नव्हते, जुन्या कारखान्यातल्या फोरमनशी बोलत होते. "धूर सोडणारा असता तर धुराबरोबर वाजला असता. हा हवा आत घेणारा. इनटेक." आणि मग वळून बायकोकडे असं बघितलं, की चाळीस वर्षांत तिला लुगडं शोभून दिसलं तेव्हाही बघितलं नसेल. "तुला हे कसं कळलं?"

"मला कुठे काय कळलंय? मी फक्त वाजलं तसं वाजवलं."

इंजिन गार होईपर्यंत थांबायला हवं होतं. बाईंनी तिघांना चहा केला. नर्सरीवाला कपात बघत म्हणाला, "काका, मग मी टेम्पो..."

"थांब रे जरा. झाकण धरायला माणूस लागेल."

त्याने दोर गुंडाळून टेम्पोत टाकला आणि बाह्या वर केल्या. नाराज झाला असेल तर दिसला नाही.

कार्ब्युरेटर बाजूला केला, टॅपेटचं झाकण उघडलं. कानसेनांनी पातळ पट्ट्यांचं माप काढून इनटेकच्या फटीत घातलं. नेहमीची पट्टी सैल गेली. पुढची सैल गेली. त्याच्या पुढचीही. फट दुप्पट झाली होती, आणि वरचं नट बोटाने फिरत होतं. चार महिन्यांपूर्वी स्वतःच्या हाताने आवळलेलं नट. आवळलं असं वाटलेलं.

"कुणी केलंय हे काम?" बाईंनी विचारलं, सगळं कळून.

"एक होता कुणीतरी शहाणा," कानसेन म्हणाले. नर्सरीवाला झाकणामागे हसला.

त्यांनी फट मापाला आणली, नट आवळलं, सगळं बंद करून ठेंगणी सुरू केली. आणि हात पुसत उभे राहिले. पूर्वी या क्षणाला ते डोळे मिटायचे. आज उघडे ठेवले, कारण ऐकायचं होतं ते बाईंच्या चेहऱ्यावर.

बाईंनी मान हलवली. "आहे अजून."

"थोडी असतेच गं. थोडी असावीच लागते."

"थोडी नाही. पहिल्याच्या निम्मी आहे."

"काकू, मला तर आता येत नाही ऐकू," नर्सरीवाला म्हणाला.

"तू गप्प. तुला कालपर्यंत ठकठक येत होती."

कानसेन पुन्हा गार होईपर्यंत थांबले, पुन्हा झाकण उघडलं. आणि खरोखरच, नट आवळताना टॅपेट किंचित फिरून फट पुन्हा मोठी झाली होती. असं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. पूर्वी त्यांना ते कानाने कळायचं. त्यांनी पेटी उघडली, खालचा पाना काढायला सगळी हत्यारं वर घेतली, आणि तळाशी घडी घातलेला तो कागद होता. जरा थांबून त्यांनी तो बाईंकडे दिला.

बाईंनी चष्मा लावून वाचला. दोनदा वाचला. "यात लिहिलंय जाड आवाज शाबूत आहेत म्हणून."

"काय म्हणालीस?" त्या दिवशीची ही पाचवी वेळ होती. मोजायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

"जाड आवाज शाबूत," बाई समोर येऊन म्हणाल्या. "बारीक तेवढे गेलेत. उद्या जाऊ दोघं. डॉक्टर काय म्हणतात ते मी ऐकते."

"कानात यंत्र घाल म्हणतील."

"मग घालायचं. इतकी यंत्रं सांभाळलीत, एक आणखी."

दुपार व्हायला आली तेव्हा ठेंगणी तिसऱ्यांदा सुरू झाली. वरच्या घरातली शेजारीण कुंपणाशी येऊन विचारून गेली की कालचा शनिवार चुकला, तर आज तरी गवत कापणार का. बाईंनी तिला हातानेच थांब म्हटलं. डोळे मिटले. तळवा नवऱ्याच्या पाठीवर. तळवा, तळवा, तळवा. नख उचललेलंच राहिलं, मग एकदा हलकेच टेकलं.

"किती?" कानसेनांनी विचारलं.

बाईंनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवली. मध्ये एक केस जेमतेम मावला असता. नर्सरीवाल्याने न सांगता इंजिन बंद केलं, आणि कानसेन पाना घेऊन पुन्हा खाली वाकले.